इकेरेचं दार आणि ते कोरणारा

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या मैत्रिणीला घेऊन ब्रिटिश म्युझियमला गेले होते. बाहेर मरणाचा गारठा, आत तोबा गर्दी, रोझेटा स्टोनसमोर तर उभं राहायलाही जागा नाही, म्हणून आम्ही सरळ खाली आफ्रिकेच्या दालनात उतरलो, तिथे त्यातल्या त्यात शांत असतं. एका मोठ्या कोरीव लाकडी दारासमोर एक मराठी कुटुंब उभं होतं. आई बॅगेत पाण्याची बाटली शोधत होती, बाबा मोबाईलवर पुढचं दालन कुठे ते बघत होते आणि सात-आठ वर्षांचा मुलगा दारावरच्या माणसांकडे मान वर करून बघत होता. त्याने विचारलं, "बाबा, हे कोणी केलं?" बाबा म्हणाले, "आफ्रिकेतल्या लोकांनी." तो म्हणाला, "हो, पण कोणी?" बाबांनी हसून त्याच्या केसातून हात फिरवला, चल चल, ममी बघायच्यात ना तुला, आणि गेले सगळे वरती. त्यात बाबांचं काही चुकलं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, दिवसभर चालून पाय दुखायला लागल्यावर कोणीही हेच उत्तर देईल, आणि त्या दालनातल्या बहुतेक वस्तूंबद्दल याहून जास्त काही सांगताही येत नाही कारण घेऊन येणाऱ्यांनी त्या वेळी विचारलंच नाही. पण या दाराच्या बाबतीत उत्तर माहिती आहे. त्या पोराचं "पण कोणी?" नंतर कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्याचं नाव ओलोवे.

नायजेरियाच्या नैऋत्येला एकिती म्हणून डोंगराळ भाग आहे, योरुबा लोकांचा. तिथल्या एफॉन-अलाये गावात साधारण 1870 नंतरच्या काही वर्षांत तो जन्मला, लहानपणीच इसे गावाला आला आणि तिथलाच झाला, म्हणून जगभर त्याला ओलोवे ऑफ इसे म्हणतात. इसेच्या राजाला आरिंजाले म्हणतात, त्याच्या दरबारात ओलोवे आधी निरोप्या म्हणून होता. मला हे फार आवडतं की जो माणूस पुढे राजांचे दरवाजे कोरणार होता तो आधी राजांच्या दरवाज्यांतून निरोप घेऊन आत-बाहेर करत होता. कोण कुठे बसतं, कोण कोणासमोर गुडघे टेकतं, राणी कुठे उभी राहते, पाहुणा आला की कोणाची धांदल उडते हे सगळं त्याने कोपऱ्यात उभं राहून बघितलं असणार. हा माझा अंदाज आहे, पण त्याचं काम बघितलं की हा अंदाज केल्याशिवाय राहवत नाही. मग आरिंजालेसाठी कोरलं, त्याचं नाव झालं, आणि आजूबाजूच्या राजांची बोलावणी यायला लागली. त्या काळी योरुबा मुलखात एखाद्या राजाकडचे खांब आणि दारं चांगली असली की शेजारच्या राजालाही तसली हवी असायची, आणि त्यासाठी कोरणाऱ्याला नावानिशी बोलावणं धाडलं जायचं. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं कारण "आदिवासी कला, अनामिक कलाकार" हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की जणू ही माणसंच आपलं नाव सांगायला तयार नव्हती. तिथे गावोगाव माहिती असायचं की हा खांब कोणाच्या हातचा. ओसी-इलोरिनचा आरेओगुन वेगळा, ओडो-ओवाचा बामबोये वेगळा, इसेचा ओलोवे वेगळा, आणि हात ओळखणारे लोक हात ओळखायचे.

1910 च्या सुमारास इकेरे गावच्या राजाने, म्हणजे ओगोगाने, त्याला बोलावून घेतलं. चार वर्षं तो तिथे राजवाड्यात राहून कोरत होता. चार वर्षं! कमिशन घेतलं, काम पोचवलं, बिल पाठवलं असा मामला नव्हताच तो, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, हाताखाली शिकाऊ पोरं, चौकात लाकडाचे ओंडके पडलेत, दिवसभर वाकसाचा ठक ठक आवाज, पायाखाली ढलप्यांचा सडा, आणि राजा येता-जाता बघतोय कुठपर्यंत आलं. ब्रिटिश म्युझियममधलं दार याच चार वर्षांतलं आहे. दोन झडपा, वर चौकटीची कोरीव पट्टी. प्रत्येक झडपेवर एकाखाली एक अशा पाच पट्ट्या आणि त्यात माणसंच माणसं. डावीकडे ओगोगा, डोक्यावर मण्यांचा मुकुट, जवळ राणी, दरबारातली माणसं. उजवीकडे इंग्रज साहेब आलाय, कॅप्टन अँब्रोस, त्या भागाचा कमिशनर, दोन माणसांनी उचललेल्या डोलीत बसून. सोबत सामान डोक्यावर घेतलेले हमाल. हे कल्पनेतलं नाही, अँब्रोस ओगोगाला भेटायला खरंच आला होता, हे दार त्या भेटीची नोंद आहे.

मी त्या साहेबाकडे बराच वेळ बघत बसले. डोलीत अंग चोरून, गुडघे जवळ घेऊन बसलाय. राजा मात्र ऐसपैस, ताठ, आपल्या घरात बसलेल्या माणसाला जी फुरसत असते ती त्याच्या बसण्यात आहे. ओलोवेने साहेबाची टिंगल केलीय असं मला वाटत नाही, त्याने फक्त कोण यजमान आणि कोण पाहुणा ते पक्कं लक्षात ठेवलंय. ज्या वर्षांत सगळा देश इंग्रजांच्या हाताखाली गेला होता त्या वर्षांत हे कोरायला मनाची एक ठेवण लागते.

आणि काम कसलं आहे ते! आपण "कोरीव दार" म्हणतो तेव्हा फळीवर थोडीशी उठावदार नक्षी डोळ्यासमोर येते. इथे माणसं फळीतून चक्क बाहेर आलीत, काही ठिकाणी चार बोटं तरी, डोकी तर इतकी पुढे की मागे हात घालता येईल असं वाटतं. आता विचार करा, ही माणसं वरून चिकटवलेली नाहीत. ती त्याच लाकडातली आहेत. म्हणजे आधी तेवढी जाड फळी घ्यायची आणि माणूस सोडून आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकायचं, आणि जी मागची जमीन उरते तीही मोकळी सोडायची नाही, तिच्यावर बारीक चौकटी-रेघांची नक्षी भरायची, माणसांच्या पायांच्या मधून, हातांच्या खालून, जिथे पटाशी सरळ धरतासुद्धा येणार नाही अशा जागी. वर रंग होता, त्याचे अंश अजून दिसतात. त्याच्या समकालीनांची दारं पण सुंदर आहेत, पण त्यांच्यात माणसं शिस्तीत फळीच्या अंगाला धरून राहतात. ओलोवेची माणसं हलतात.

योरुबा कोरणाऱ्यांची कामाची पद्धत नंतर अभ्यासकांनी त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवलीय, ती वाचताना मला फार मजा आली. चार टप्पे असतात. पहिला ओना लिले, म्हणजे ओंडक्यातून वाकसाने ढोबळ आकार काढायचा, डोकं कुठे, धड कुठे, पाय कुठे एवढंच. दुसरा आलेतुनले, त्यात मोठ्या गठ्ठ्यांचे छोटे गठ्ठे करायचे, कान, हात, बोटांचा पुंजका. तिसरा दिदान, गुळगुळीत करणं. चौथा फिफिन, सुरीने बारीक धारदार रेघा, डोळ्याच्या कडा, केसांची वेणी, कपड्यावरचं काम. शिकाऊ पोरं मधले टप्पे करतात आणि शेवटच्या रेघा बहुतेक वेळा गुरू स्वतः मारतो. नकाशा नाही, पेन्सिलची खूण नाही, मातीचा नमुना नाही. डोकं शरीराच्या मानाने मोठं ठेवायचं, जवळजवळ चौथा हिस्सा, कारण माणसाचं नशीब डोक्यात असतं असं ते मानतात. हत्यारं लोखंडाची आणि लोखंड ओगुन देवाचं, त्यामुळे वाकस हातात घेणारा प्रत्येक जण ओगुनच्या पदरचा. लाकूड कधी मऊ तर कधी इरोको, जे आपल्याकडे आफ्रिकन टीक म्हणून वखारीत मिळतं, टणक, जड, वाळवीला दाद न देणारं. ज्याने कधी नुसत्या सागाच्या फळीत एक भोक पाडायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल इरोकोत माणसाच्या पापण्या कोरणं काय असेल.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये त्याचं एक भांडं आहे, म्हणजे एक बाई गुडघ्यावर बसून पुढे वाडगा धरून आहे आणि वाडग्याच्या झाकणावर चार बायका गोल फेर धरून नाचतायत. याचे फोटो मी इतके झूम करून बघितलेत की आता डोळे मिटले तरी दिसतं. वाडग्याच्या खाली आणखी छोट्या आकृत्या गोलात गुडघे टेकून, हात वर करून तो तोलून धरतात. आणि त्या गोलाच्या आत एक दाढीवाल्या माणसाचं सुटं डोकं आहे. खरोखर सुटं, आत गडगडतं, पण बाहेर काढता येत नाही, कारण आकृत्यांच्या मधल्या फटी त्याच्यापेक्षा लहान आहेत. हे सगळं एकाच ओंडक्यातून. म्हणजे त्याने त्या माणसांच्या फटींतून हत्यार आत घालून, आतल्या आत लाकूड काढत काढत ते डोकं मोकळं केलं, आणि मोकळं झाल्यावरही त्याला नाक, डोळे, दाढी आहेत. ते डोकं तिथे कशासाठी आहे यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. मला आपलं एवढंच दिसतं की ज्याने हे केलं त्याला ज्या क्षणी ते डोकं पहिल्यांदा सुटून हातात हललं असेल तेव्हा प्रचंड आनंद झाला असणार, आणि त्याने आजूबाजूच्या पोरांना हाका मारून दाखवलं असणार.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये इकेरेच्या राजवाड्याच्या ओसरीवरचा एक खांब आहे. राजा बसलाय आणि मागे त्याची थोरली राणी उभी आहे, त्याच्यापेक्षा कितीतरी उंच. छपराचा भार तिच्यावर. राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवण्याचा अधिकार थोरल्या राणीचा असतो, म्हणून ती मागे, आणि म्हणून ती मोठी. हे कळल्यावर तो खांब पुन्हा बघितला तर राजा एकदम कोवळा वाटायला लागतो.

ओसरीचे खांब म्हटलं की मला आजोळ आठवतंच. वाईजवळच्या एका गावात आईच्या माहेरचा वाडा होता, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, वर केळफुलाची नक्षी, आणि दुपारी त्या खांबाला पाठ लावून बसलं की पाठीला थंड लागायचं. आजी ओसरीवर शेंगा फोडत बसायची आणि आम्ही नातवंडं केळफुलाच्या पाकळ्यांमधली धूळ काडीने काढायचो, तो आमचा उद्योगच होता. पुढे वाटण्या झाल्या, वाडा कोणालाच परवडेना, पडला, तिथे बिल्डिंग झाली आणि खांब एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने नेले. किती पैसे आले ते आईला आजही रुपयासकट पाठ आहे. कोणाच्या खापरपणजोबांनी वाडा बांधला तेही पाठ आहे. खांब कोणी कोरले ते मात्र आईला, मामांना, भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही सांगता आलं नाही. "असेल कोणीतरी सुतार गावातला." मी मामांवर बरीच चिडले होते खांब विकले म्हणून, पण खरं दुःख मला वाटतं त्या "कोणीतरी"चं जास्त आहे. ते खांब कुठल्यातरी हॉटेलच्या लॉबीत का होईना, उभे असतील. सुताराचं नाव आम्ही विकलंही नाही, ते कधी आमच्याकडे नव्हतंच.

तर ते दार लंडनला कसं आलं. 1924 ला वेम्बलीला ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं, सगळ्या वसाहतींचे मंडप, आपलाही होता. नायजेरियाच्या मंडपात ओगोगाचं दार ठेवलं होतं. बघणारे वेडे झाले. ब्रिटिश म्युझियमला ते हवंच होतं, पण ओगोगा पैशाला विकायला तयार नव्हता. शेवटी सौदा असा झाला की बदल्यात त्याला इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन मिळावं. ते मिळालं, दार लंडनला राहिलं, आणि इकेरेच्या राजवाड्यासाठी ओलोवेने पुन्हा नवीन दार कोरलं. या गोष्टीवर माझं मत काही केल्या एका जागी ठरत नाही. कधी वाटतं की खुर्ची देऊन असलं दार नेलं ही सरळ लूट आहे, बेनिनच्या राजवाड्यातून नेलेल्या ब्राँझसारखी बंदुकीच्या जोरावर केलेली नसली म्हणून काय झालं, साम्राज्याने मागितल्यावर राजा नाही तरी किती वेळा म्हणणार. आणि कधी वाटतं की आपण ओगोगाला इतकं बिचारं का समजायचं? त्याने पैसे नाकारले, आपल्या अटीवर सौदा केला, आणि त्याच्याकडे असा माणूस होता जो पुन्हा दार करू शकत होता. खुर्ची त्यालाही आवडली असेल. राजांना खुर्च्या आवडतात. एवढं नक्की की हजारो लोकांनी वेम्बलीला ते दार बघितलं तेव्हा ओलोवे जिवंत होता, इसेत काम करत होता, आणि लंडनमध्ये त्याचं नाव घेणारं कोणी नव्हतं. 1938 ला तो गेला. त्याच्यावर पहिलं काही छापून आलं ते 1944 ला, फिलिप अ‍ॅलिसन नावाच्या वनखात्यातल्या अधिकाऱ्याने लिहिलं. नंतर ब्रिटिश म्युझियमच्याच विल्यम फॅगने त्याच्या हाताची ओळख पटवत एकेक काम त्याच्या नावावर लावायला सुरुवात केली.

पण हे सगळे लोक यायच्या आधीपासून एका घरात त्याचं सगळं काम तोंडपाठ होतं.

1988 साली जॉन पेम्बर्टन नावाचा अमेरिकन अभ्यासक इसेला गेला तेव्हा ओलोवेची चौथी बायको हयात होती, ओलोजु-इफुन. नवरा जाऊन पन्नास वर्षं झालेली. तिने नवऱ्याची ओरिकी म्हटली. ओरिकी म्हणजे माणसाची स्तुती, जी पाठ असते आणि सुरात म्हटली जाते. आपल्याकडे बाई उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते ना, तसं, फक्त इथे दोन ओळींत आटपत नाही. ती सुरुवात करते तो दिसायला कसा देखणा, बरोबरीच्यांत कसा उठून दिसणारा इथून. मग म्हणते की इरोकोचं कडक लाकूड तो भोपळा कोरावा इतक्या सहज कोरायचा. खडकांच्या खालून वाहणाऱ्या मोठ्या नदीसारखा होता म्हणते. आणि मग ती जे करते ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला, ती सरळ यादी द्यायला लागते. माझा नवरा ओगोगाच्या वाड्यावर गेला, चार वर्षं राहिला, कोरत होता. ओवोला जाल तर त्याचं काम आहे. इकारेला आहे. इगेडेला जा, तिथे दिसेल. ओगबागीला जाऊन ओलोवेचं नाव काढा. डेजीच्या, म्हणजे अकुरेच्या राजाच्या वाड्यात आहे, ओगोतुनला त्याने काम केलंय. एक कोरलेला सिंह होता तो इंग्लंडला नेला, तोही त्याच्याच हातचा.

इकेरेतली ती चार वर्षं तिच्या तोंडी जशीच्या तशी आहेत. आजकाल मोठ्या चित्रकाराच्या मागे त्याच्या सगळ्या कामांची यादी करायला संस्था असतात, माणसं नेमतात, वाद होतात, कोर्टात जातात. ओलोवेच्या मागे ही बाई होती. चौथी बायको म्हणजे घरातला तिचा मान काय असेल, कामं काय असतील, याचा विचार करते मी. गावोगाव महिने महिने जाणारा नवरा, परत आल्यावर तो सांगत असेल कुठे काय केलं, की बरोबर गेलेली पोरं सांगत असतील, आणि हिने ते एकेक गाव मनात लावून ठेवलं, आणि त्याच्यामागे पन्नास वर्षं म्हणत राहिली. सिंह इंग्लंडला गेला हेही तिने सोडलं नाही. तिच्या हिशोबात इंग्लंड हे ओगोतुननंतर येणारं आणखी एक गाव आहे जिथे तिच्या नवऱ्याचं काम आहे. पुढे 1998 ला रोझलिन वॉकर या अभ्यासक बाईंनी वॉशिंग्टनमध्ये एकट्या ओलोवेच्या कामाचं प्रदर्शन केलं, त्यात या ओरिकीला मानाचं स्थान आहे आणि ते असायलाच हवं होतं.

ओलोवेनंतर राजवाडे हळूहळू गरीब झाले, पत्र्याची छपरं आली, कोरीव खांबांची गरज कमी झाली, पण काम थांबलं नाही, त्याने गिऱ्हाईक बदललं. एकितीतच ओये म्हणून गाव आहे, तिथे 1947 ला केविन कॅरोल नावाच्या पाद्रीने एक कारखाना काढला, चर्चसाठी योरुबा पद्धतीचं कोरीवकाम करून घ्यायला. तिथे आरेओगुनचा मुलगा बांडेले गुरू होता आणि त्याच्या हाताखाली लामिडी फाकेये नावाचा तरुण आला, 1928 चा जन्म, घराण्यातली पाचवी पिढी. फाकेये मुसलमान. त्याने चर्चचे दरवाजे कोरले, मेरी आणि येशू योरुबा कपड्यांत कोरले, जुन्या देवांच्या मूर्तीही कोरल्या, आणि यात त्याला कसलीही अडचण वाटली नाही, कारण गिऱ्हाईकाचा देव गिऱ्हाईकाचा आणि ओंडका आपला. पुढे तो इफेच्या विद्यापीठात शिकवत होता, अमेरिकेत जाऊन पोरांसमोर वाकस चालवून दाखवत होता, 2009 ला गेला. त्याचे घोडेस्वार, त्याच्या गुडघे टेकलेल्या बायका बघितल्या की ओलोवेच्या मानाने त्या जास्त शांत, जास्त घट्ट वाटतात, मला स्वतःला ओलोवेची ती धावपळ जास्त आवडते. पण फाकेयेच्या कामांच्या बैठकीवर बघा, बऱ्याच ठिकाणी लाकडातच कोरून ठेवलंय, लामिडी फाकेये, आणि पुढे साल.